एडमंड बर्क : परंपरेचे आणि स्वातंत्र्याचे कैवारी

परंपरेचा कैवारी स्वातंत्र्याचाही पुरस्कर्ता असू शकतो, हे एडमंड बर्क यांच्या जीवनातून दिसते.

१७२९ च्या सुमारास आयर्लंडमधील डब्लिन येथे त्यांचा जन्म झाला. वडील प्रॉटेस्टंट, तर आई कॅथलिक होती. बर्क वडिलांच्या पंथात वाढले. परंतु जाचक कायद्यांखाली कॅथलिकांची होणारी कुचंबणा त्यांनी आजोळी जवळून पाहिली.

१७६५ मध्ये ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले. अमेरिकन वसाहतींवर कर लादण्यास त्यांनी विरोध केला. १७७४ पासून ते ब्रिस्टलचे प्रतिनिधी होते. आयर्लंडला व्यापारसवलती देणे तेथील व्यापाऱ्यांना रुचत नव्हते, तरी बर्क यांनी त्यांचे समर्थन केले. कॅथलिकांना दिलासा देणाऱ्या १७७८ च्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. १७८० मध्ये लंडनमध्ये कॅथलिकविरोधी दंगल उसळली. त्याच वर्षी बर्क यांना ब्रिस्टलची जागा गमवावी लागली. मत मात्र त्यांनी बदलले नाही.

भारतीयांवरील अन्यायाबद्दल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर महाभियोग चालवण्यात ते अग्रणी होते. १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटले.

१७९० मध्ये त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर ग्रंथ लिहून कठोर टीका केली. क्रांतिकारकांनी चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली होती. कुटुंब, धर्मसंस्था व रूढ कायदा मोडल्यास व्यक्ती सत्तेपुढे एकाकी पडते, असे त्यांचे मत होते. या भूमिकेमुळे चार्ल्स फॉक्स यांच्याशी असलेली जुनी मैत्री तुटली.

९ जुलै १७९७ रोजी बर्क यांचे निधन झाले. पुराणमतवादी आणि उदारमतवादी दोघेही आज त्यांना आपले मानतात.