शेजारच्या सीटवरून स्टिअरिंगवर

गावातली एखादी बाई चारचाकी घेऊन बाजारात आली, की आजही दोन-चार माना वळतातच. त्यात गाडी मागे घेताना जरा वेळ लागला, तर सल्ला द्यायला चार जण धावून येतात. मग शंभर वर्षांपूर्वी मोटारींच्या शर्यतीत उतरणाऱ्या बाईकडे लोकांनी कसं पाहिलं असेल? ही बाई म्हणजे चेकोस्लोव्हाकियाची एलिश्का युंकोव्हा.

एलिश्काचा जन्म १६ नोव्हेंबर १९०० चा, मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावचा. वडील लोहार, घरात मुलं बरीच. शिकून ती लवकरच बँकेत नोकरीला लागली. तिथेच तिची चेन्येक युनेक या तरुणाशी ओळख झाली आणि १९२२ मध्ये दोघांचं लग्न झालं. चेन्येकला मोटारींचं जबरदस्त वेड. बुगाटी ही तेव्हाची नामांकित फ्रेंच स्पोर्ट्‌स कार त्याने घेतली आणि तो शर्यतींत उतरू लागला.

आता नवऱ्याच्या छंदापुढे बायकोने काय करायचं? कुरकुर करायची, नाहीतर घरी काळजी करत बसायचं. एलिश्काने तिसराच मार्ग काढला. तिने गुपचूप गाडी चालवायचे धडे घेतले! मग ती नवऱ्याबरोबर शर्यतीत मेकॅनिक म्हणून बसू लागली. त्या काळी चालकाशेजारी असा एक साथीदार असे. इंजिनाचा आवाज, टायर, पुढचं वळण, सगळ्यावर त्याची नजर हवी. म्हणजे धोका तितकाच, पण नाव मात्र चालकाचं. हे आपल्याला नवं नाही, होय ना?

पहिल्या महायुद्धात चेन्येकच्या हाताला जखम झाली होती, त्यामुळे गिअर बदलताना त्याला त्रास व्हायचा. त्या गाड्यांचे गिअर आजच्यासारखे लोण्यासारखे पडत नसत. क्लच दोनदा दाबायचा, इंजिनाचा वेग कानाने ओळखायचा आणि नेमक्या क्षणी दांडा सरकवायचा. जरा चुकलं की दातावर दात घासून कर्र आवाज! एलिश्काला हे जमत होतं. हळूहळू स्टिअरिंग तिच्या हातात आलं.

१९२४ मध्ये लोखोटिन ते त्रेमोश्ना या शर्यतीत ती पहिल्यांदा स्वतः चालक म्हणून उतरली. शर्यत पिल्झेन शहराजवळची, म्हणजे आपल्याच देशातली, आपल्याच लोकांसमोर. हे एका अर्थी सोपं आणि एका अर्थी फार अवघड. परक्या गावात हरलं तर कोणाला कळत नाही, घरच्या अंगणात मात्र सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. इतके दिवस ज्याच्या शेजारी बसायची, तो आता गाडीत नव्हता. ब्रेक कधी लावायचा आणि गिअर कधी बदलायचा, हे तिचं तिनेच ठरवायचं होतं. एलिश्काने आपल्या गटात चक्क पहिला नंबर काढला! एका दिवसात तिचं नाव देशभर झालं.

पुढे १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लाउझन घाटातल्या शर्यतीत ती दुसरी आली. १९२७ मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगला तिने दोन लिटर इंजिनाच्या गटात बाजी मारली. पण तिची खरी कसोटी लागली ती सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत. डोंगरातला कच्चा रस्ता, एक फेरी १०८ किलोमीटरची आणि अशा ५ फेऱ्या. वळणं तर शेकड्यांनी. १९२७ मध्ये गाडी बिघडल्याने तिला मधूनच परतावं लागलं होतं.

एलिश्का अंगाने लहानखुरी. नुसत्या ताकदीवर त्या जड गाड्या रेटणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणून तिने डोकं चालवलं. शर्यतीआधी ती तो रस्ता पायी फिरली. कुठल्या वळणाआधी झाड आहे, कुठे भिंत आहे, कुठे घराचा कोपरा दिसतो, अशा खुणा तिने मनात पक्क्या केल्या. आज रस्ता असा आधी तपासणं शर्यतींत नेहमीचं आहे, तेव्हा ते फारसं कोणी करत नसे. ६ मे १९२८ ला ती पुन्हा उतरली. पहिल्या फेरीअखेर चौथी आणि दुसऱ्या फेरीत चक्क सर्वांच्या पुढे! शेवटी गाडीने त्रास दिला आणि ती पाचवी आली. तरी युरोपातले कितीतरी नावाजलेले चालक तिच्या मागे राहिले.

आणि मग जुलै १९२८. नुर्बुर्गरिंगवरच्या जर्मन ग्रां प्रीमध्ये नवरा-बायको एकच गाडी आळीपाळीने चालवणार होते. स्टिअरिंग चेन्येकच्या हातात असताना अपघात झाला आणि तो गेला. एलिश्का तेव्हा अवघ्या सत्तावीस वर्षांची होती. तिने शर्यतीच्या गाड्या विकल्या आणि पुन्हा कधी शर्यतीत भाग घेतला नाही.

काहींना वाटेल, म्हणजे हे सगळं नवऱ्यासाठीच होतं तर. मला तसं वाटत नाही. छंद त्याचा असेल, पण सिसिलीच्या उन्हात पायपीट तिची होती, गिअरचा अंदाज तिच्या कानाचा होता. सुरुवात त्याच्यामुळे झाली, पण कौशल्य तिचं स्वतःचं. आणि थांबायचं कधी, हेही तिनेच ठरवलं. पुढे तिने दुसरं लग्न केलं, आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि ५ जानेवारी १९९४ ला वयाच्या ९३ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवर बसून आहेत! दुकानाचा हिशोब आपण ठेवतो, शेतातली माणसं आपण सांभाळतो, बँकेतला फॉर्म आपण भरतो आणि सही मात्र दुसऱ्याची. रस्ता आपल्याला पाठ आहे, वळणंही माहीत आहेत. मग एकदा स्टिअरिंग हातात घेऊन पाहायला काय हरकत आहे?