मलिक अंबर कोणत्या खान्यात?

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी जर्मन विचारवंत एडुआर्ड स्प्रँगर याने सांगितलेले माणसांचे सहा प्रकार शिकवले. मनावर ज्या मूल्याचा पगडा, त्यावरून माणूस ज्ञाननिष्ठ, अर्थनिष्ठ, सौंदर्यनिष्ठ, समाजनिष्ठ, सत्तानिष्ठ किंवा धर्मनिष्ठ ठरतो. मग आम्ही एक प्रश्नावली भरली. माझे सर्वांत जास्त गुण अर्थाच्या खान्यात पडले आणि मित्र मला 'सावकार' म्हणू लागले. मी हसलो, पण ते मनाला लागले. संध्याकाळी भडकल दरवाज्यापाशी विचार आला, हा दरवाजा उभारणाऱ्या मलिक अंबरला कोणत्या खान्यात बसवायचे?

अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि धनी बदलत बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा धनीही एके काळी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला व शिपाईगिरी करू लागला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याने मुर्तझाला गादीवर बसवून बुडते राज्य सावरले. पुढे मुर्तझाशी बिनसले, तेव्हा त्याला विष घालून दूर केले, असे इतिहासकार सांगतात.

एवढे वाचले की 'सत्तानिष्ठ' असा शिक्का मारून मोकळे व्हावेसे वाटते. पण अंबर स्वतः कधी गादीवर बसला नाही. 1610 मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले. तेच आपले आजचे शहर. उत्तरेकडील डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या बळावर त्याने शहरात आणले. याला सत्तेचे काम म्हणावे, ज्ञानाचे की लोकसेवेचे? 1624 च्या भातवडीच्या लढाईत याच माणसाने तलाव फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. पाण्याची जाण तीच, हेतू मात्र वेगळा. 1626 मध्ये तो वारला. खुलताबादेत, सूफी संतांच्या भूमीत, त्याची कबर आहे.

त्याची जमीनमहसुलाची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. त्याने जमीन मोजून कसाप्रमाणे तिची प्रतवारी केली. पण सारा ठरवताना प्रत्यक्ष पिकाकडेही पाहिले. स्प्रँगरलाही हे ठाऊक होते की निव्वळ एकाच प्रकारचा माणूस कुठे सापडत नाही; सहाही मूल्ये प्रत्येकात कमीअधिक असतात. खाने विचाराच्या सोयीसाठी असतात. आपण मात्र त्यांत माणूस कोंबून वर झाकण लावतो.

म्हणून माझे मत असे की, माणसांची प्रतवारी जरूर करावी, पण ती अंबरच्या रीतीने. जमिनीचा कस पाहावा आणि त्या सालचे पीकही पाहावे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. खोलीभाडे आणि एसटीचे पैसे यांचा हिशेब चुकला, तर माझा महिना अडतो. तेव्हा यंदा माझ्या शेतात अर्थाचे पीक जास्त आले, यात नवल नाही. मित्रांनी एवढ्यावरून जमिनीची जात ठरवू नये. अजून पुष्कळ हंगाम यायचे आहेत.