मेरी केलीची शेजारीण

(द्वितीय वर्ष, कला)

जॅक द रिपर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. त्या अज्ञात खुन्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण त्याच्या हातून मेलेल्या मेरी जेन केलीचे चरित्र लिहू म्हटले, तर दोन पानेही धड भरत नाहीत. तरीही मी ते लिहावयास बसले आहे.

तिची माहिती बहुतांशी तिच्यासोबत राहणाऱ्या जोसेफ बार्नेटने सांगितलेली. जन्म आयर्लंडमधील लिमरिकचा, बालपण वेल्समध्ये. सोळाव्या वर्षी एका खाणकामगाराशी लग्न झाले आणि दोन-तीन वर्षांतच तो खाणीतील स्फोटात गेला. १८८४ च्या सुमारास ती लंडनला आली आणि देहविक्रय नशिबी आला. या हकिकतीला दुजोरा देणारी खात्रीची नोंद संशोधकांना मिळालेली नाही. १८८७ मध्ये मासळीबाजारात हमाली करणारा बार्नेट तिला भेटला. पुढे दोघे स्पिटलफील्ड्समध्ये डॉर्सेट स्ट्रीटला लागून असलेल्या मिलर्स कोर्ट या बोळात १३ नंबरच्या खोलीत राहू लागली. भाडे आठवड्याला साडेचार शिलिंग. बार्नेटचे काम सुटले, भाडे थकले. त्यातच मेरीने एका बाईला दयेपोटी खोलीत आसरा दिला. त्यावरून बिनसले आणि ३० ऑक्टोबर १८८८ रोजी तो निघून गेला. ९ नोव्हेंबरला सकाळी घरमालकाचा माणूस थकलेले २९ शिलिंग मागायला आला, तेव्हा फुटक्या खिडकीतून त्याला तिचे प्रेत दिसले. वय अवघे पंचविशीचे!

आता तिच्या शेजारणीकडे वळू. एलिझाबेथ प्रेटर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, २० नंबरच्या खोलीत राहत होती. त्या रात्री दाराला दोन टेबले लावून ती झोपली. साडेतीन ते चारच्या दरम्यान मांजराच्या पिलाने तिला जागे केले आणि तेवढ्यात खून झाल्याची बाईची आरोळी तिने ऐकली. पोलिसांपुढे तिने आरोळ्या दोन-तीन सांगितल्या, १२ तारखेच्या चौकशीत एकच.

ही खोली नेमकी कोठे होती? मी वहीत नकाशा काढून पाहिला. तळमजल्यावर पुढे, रस्त्याच्या बाजूला सामान ठेवण्याची कोठी. तिच्यामागे मेरीची खोली. प्रेटर म्हणते की ती कोठीच्या वर राहत होती. मग तिची खोली रस्त्याकडची ठरते, मेरीच्या डोक्यावरची नव्हे. पण मेरी आपल्या खालीच राहत होती, असेही तीच सांगते. जिना चढताना मेरीच्या खोलीतला उजेड दिसला असता, लाकडी पडद्याआडून तिची पावलेही ऐकू आली असती, हेही तिच्या जबानीत आहे. म्हणजे खोली पुढची धरा की मागची, अंतर एका पातळ फळीचेच! समोरच्या खोलीत उतरलेल्या सारा लुईसनेही चारच्या सुमारास किंकाळी ऐकली होती.

ऐकू आले होते, यात मला तरी शंका नाही. पण प्रेटर पुन्हा झोपी गेली. अशा आरोळ्या तिथे नेहमीच्याच होत्या. सारा लुईसनेही लक्ष दिले नाही.

प्रथम वाचले तेव्हा मला या बायकांचा राग आला. मग आमची चाळ आठवली. आमच्या आणि शेजारच्या खोलीमध्येही फळ्यांचीच भिंत आहे. रात्री पलीकडे मारहाण सुरू होते, बाईचा आवाज येतो. आई कूस बदलते. मी अभ्यासाचे पुस्तक आणखी जवळ ओढते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पण त्या वेळी माझे शिक्षण उपयोगी पडत नाही.

प्रेटरची खोली कोठे होती, हे आता नक्की सांगता येत नाही. माझी खोली कोठे आहे, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे. परवा पुन्हा आवाज आला, तेव्हा मी उठून शेजारचे दार वाजवले. दार उघडले नाही. पण आवाज थांबला.