फादर थॉमस स्टीफन्स आणि मानवाचें अपूर्णत्व



वडप्याच्या या ज्युबिलीप्रसंगीं, ज्यांनीं मराठी ओवींत तारणाची कथा गाइली, त्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें स्मरण करणें उचित आहे.

त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या राज्यांत कॅथलिकांचा छळ होत असे. ज्या मित्रासह रोमला जाण्याचा त्यांचा बेत होता, तो थॉमस पाउंड धर्मासाठीं तुरुंगांत पडला. स्टीफन्स मात्र रोमला पोंचले व १५७५ सालीं येशूसंघांत प्रविष्ट झाले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत, बहुतांशीं साष्टी महालांत, त्यांनीं आत्म्यांची मेंढपाळी केली. परदेशीय असूनहि त्यांनीं कोंकणीचें व्याकरण रचिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं छापलें गेलें.

त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत प्रसिद्ध झालें. ओव्या सुमारें अकरा हजार, भाग दोन. पहिल्यांत सृष्टीची उत्पत्ति, आदम-एवेचें पतन व तारकाची दीर्घ प्रतीक्षा. दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र.

पहिला भाग वाचतां एक शंका मनांत येतेच. परमेश्वर पूर्ण व सर्वज्ञ; मग पतन पावणारा मानव त्यानें कां निर्मिला? हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. दारूच्या आहारीं गेलेला मनुष्यहि देवानेंच आपणांस असें घडविलें म्हणून हात झटकतो, आणि त्याचीं उपाशी मुलें त्याच देवाची करुणा भाकतात.

येथें दोन गोष्टी वेगळ्या कराव्या. मर्यादा ही उणीव खरी, पण पाप नव्हे. जें निर्मिलें गेलें तें निर्मात्यावर अवलंबून असणारच. स्वयंपूर्ण मानव म्हणजे दुसरा देव, आणि तें असंभव. पाप मात्र देवाची निर्मिति नव्हे; तो मानवाच्या स्वतंत्र इच्छेचा दुरुपयोग होय. टेकडीवरील मनुष्यास वाट चुकलेली गाडी चिखलांत रुतणार हें आधीं दिसतें. म्हणून ती त्यानें रुतविली असें होत नाहीं. कोणी म्हणेल, त्या मनुष्यानें गाडीवानास निर्माण केलें नव्हतें. देवानें तर आपणांस केलें! आक्षेप रास्त आहे. दृष्टांतानें त्याचें निरसन होत नाहीं. तें दुसऱ्या पुराणांत आहे. ज्यानें पतन आधींच पाहिलें, त्यानें तारणहि आधींच योजिलें. आणि टेकडीवर उभें न राहतां तो स्वतः चिखलांत उतरला.

पुराणाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्या लुप्त झाल्या. तथापि भाविकांनीं जपलेल्या हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जे. एल. साल्डान्हा यांनीं तें पुन्हां छापविलें. अपूर्ण हातांनींच देवाचें कार्य टिकलें. आपणहि स्वतःचें दौर्बल्य पाहून पहिल्या पुराणापाशींच ग्रंथ मिटूं नये. दुसरें पुराण उघडावें, आणि पडलेल्या बंधूस हात द्यावा.