संसारासकट चाललेले नामदेवराय



दिंडीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं नामदेवरायांचं चरित्र लिहा असं विणेकरी बुवांनी मला सांगितलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. भाताची शेती करायची आणि कीर्तनाला उभं राहायचं, एवढंच येतं. तेव्हा कीर्तनात सांगतो तसंच इथं सांगतो.

नामदेवरायांचा जन्म शके 1192, म्हणजे इसवी सन 1270 चा. मूळ गाव नरसी, ते आता हिंगोली जिल्ह्यात येतं. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. वाढले पंढरीत. बायको राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, त्यांच्या चार बायका. लेक लिंबाई, बहीण आऊबाई. आणि गंगाखेडहून लहानपणीच या घरात आलेली जनाबाई. मोजून बघा, पंधरा माणसं झाली. एवढ्यांचं पोट कपड्याच्या धंद्यावर, आणि कर्ता माणूस देवळात रमलेला.

मंग घरात भांडण होणार नाही तर काय? गोणाई चिडायची, पोराला नादी लावलं म्हणून विठोबालाच बोल लावायची. राजाई रुक्मिणीपाशी गाऱ्हाणं न्यायची की घरात दाणा नाही. या बायांची तक्रार खोटी नव्हती. नामदेवरायांची थोरवी बघा, त्यांनी ती झाकून ठेवली नाही. ती गाऱ्हाणी आजही गाथ्यात आहेत. घरच्यांना गप्प बसवून त्यांनी भक्ती केली नाही. उलट अख्खं घर नामात ओढलं. या घरातली माणसं अभंग करायला लागली. दळणकांडण करणाऱ्या जनाबाईचे अभंग तर आज घराघरात आहेत.

माणसांची त्यांना भारी हौस. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, नरहरी सोनार, मंगळवेढ्याचे चोखोबा, सगळे त्यांचे सोबती. एकदा संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. नामदेवराय रागावले, तर काकांनी हे मडकं कच्चं आहे असं सांगितलं. लागलं मनाला. पण सोबत्यांशी अबोला धरला नाही. औंढ्या नागनाथाला जाऊन विसोबा खेचरांना गुरू केलं.

ज्ञानोबा माऊलींबरोबर ते उत्तरेची तीर्थं फिरले. 1296 साली आळंदीला माऊलींनी समाधी घेतली, तेव्हा नामदेवराय तिथं होते. वय सव्वीस. तो सोहळा त्यांनी अभंगातून सांगितला, म्हणून तो आपल्याला आज डोळ्यांपुढं दिसतो.

पुढं ते पार पंजाबात गेले. गाडी नाही, घोडा नाही, सगळी पायपीट. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान म्हणून गाव आहे, तिथं राहिले. तिथल्या लोकांत बसले, त्यांना समजेल अशा बोलीत पदं केली. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. घुमानला त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. आपला शिंप्याचा पोर तिकडं बाबा नामदेव झाला.

एवढं फिरले, पण पंढरी सुटली नाही आणि सोबतीही सुटले नाहीत. 1338 साली मंगळवेढ्याला गावकूस कोसळलं. त्याच्याखाली काम करणारे बरेच मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा. परंपरा सांगते, नामदेवराय तिथं गेले. ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली आणि ज्यातून विठ्ठलनाम आलं ती उचलली. ज्याला देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्या मित्राची समाधी त्यांनी महाद्वारासमोर बांधली. जिवंतपणी सोबत जेवणारे पुष्कळ भेटतात. मेल्यावर हाडं शोधायला जाणारा एखादाच.

1350 साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, त्यांनी महाद्वारातच देह ठेवला. वय ऐंशी. घरची माणसंही त्यांच्यासंगं समाधिस्थ झाली असं परंपरा मानते. तीच नामदेव पायरी. तिच्यावर आपण पाय देत नाही, माथा टेकवतो. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून पायरी होणं त्यांनी मागून घेतलं.

माऊली, आता आपलं बघू. आपल्या गावांभोवती नवी मुंबई उभी राहिली. शेतं गेली, भाऊ भाऊ वेगवेगळ्या बिल्डिंगीत राहायला गेले. आपण टाळ घेऊन वारीला निघतो, तेव्हा मागं घर कोण सांभाळतं? म्हातारीची औषधं, नातवंडांची शाळा, गणपतीआधीची भाताची लावणी, हे सगळं घरची लक्ष्मी आणि सुना बघतात. आपल्या वारीतला निम्मा वाटा त्यांचा आहे. तो मोकळ्या मनानं मान्य करावा. एखाद्या वर्षी आपण घरी थांबावं आणि त्यांना दिंडीत पाठवावं. रुसलेल्या भावालाही चला म्हणावं.

नामदेवरायांनी घर सोडून देव मिळवला नाही. घराला संगं घेऊन ते पायरीपर्यंत पोचले. शंभर वर्षांच्या दिंडीनं पुढच्या शंभर वर्षांसाठी एवढं धरलं तरी पुष्कळ झालं.

रामकृष्ण हरी.