बोरिस कारलॉफ

बोरिस कारलॉफ (मूळ नाव : विल्यम हेन्री प्रॅट, जन्म : कॅम्बरवेल, लंडन, २३ नोव्हेंबर १८८७, मृत्यू : मिडहर्स्ट, ससेक्स, २ फेब्रुवारी १९६९) हे ब्रिटिश रंगभूमी व चित्रपट अभिनेते होते. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीवर आधारित 'फ्रँकेन्स्टाईन' (१९३१) या अमेरिकन चित्रपटातील मानवनिर्मित राक्षसाच्या भूमिकेमुळे त्यांना जगभर प्रसिद्धी मिळाली. प्रेक्षकांच्या मनात भीतीबरोबरच करुणाही जागविणारा राक्षस साकारणे, हे त्यांचे भयपटाला दिलेले सर्वांत मोठे योगदान मानले जाते.

कुटुंब व बालपण

कारलॉफ यांच्या घराण्याचा भारताशी जवळचा संबंध होता. त्यांची आई एलिझा सारा मिलार्ड हिचा जन्म सुरत येथे झाला. वडील एडवर्ड जॉन प्रॅट हे ब्रिटिश हिंदुस्थानात सरकारी नोकरीत होते. सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजदरबारात शिक्षिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या ॲना लिओनोवेन्स या त्यांच्या आईच्या सख्ख्या मावशी. ॲना यांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला होता. कारलॉफ यांचा सावळा वर्ण हा या घराण्यातील भारतीय रक्तसंबंधाचा वारसा असल्याचे अभ्यासक मानतात. तथापि, त्या काळातील वर्णभेदाच्या वातावरणात या वारशाची उघड वाच्यता होत नसे. स्वतः कारलॉफ आपल्या आडनावाचा संबंध आईकडील रशियन पूर्वजांशी जोडत. त्याला मात्र कोणताही आधार सापडलेला नाही.

नऊ भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपल्याने थोरल्या भावंडांनी त्यांचा सांभाळ केला आणि त्यांचे बालपण एनफील्ड येथे गेले. त्यांच्या बोलण्यात किंचित तोतरेपणा व बोबडेपणा होता. तोतरेपणावर त्यांनी प्रयत्नपूर्वक मात केली. बोबडेपणाची छटा मात्र अखेरपर्यंत राहिली आणि पुढे तीच त्यांच्या आवाजाची ओळख ठरली. घरातील अनेक पुरुष परदेशातील सरकारी सेवेत होते. थोरले बंधू सर जॉन प्रॅट यांनी चीनमध्ये ब्रिटिश मुत्सद्दी म्हणून काम केले. धाकट्या विल्यमनेही हीच वाट धरावी, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. त्यासाठी त्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला. परंतु त्यांचे मन नाटकात रमले होते. अभ्यासक्रम अर्धवट सोडून १९०९ मध्ये ते कॅनडाला गेले.

कॅनडा व अमेरिकेतील उमेदवारी

कॅनडात प्रारंभी त्यांनी शेतमजुरी व अंगमेहनतीची मिळतील ती कामे केली. १९११ च्या सुमारास एका फिरत्या नाटक मंडळीत प्रवेश मिळाल्यावर त्यांनी बोरिस कारलॉफ हे नाव धारण केले. गावोगाव मुक्काम, रोज नवे नाटक आणि अनिश्चित वेतन अशा परिस्थितीत त्यांची अनेक वर्षे गेली. पुढे ते हॉलिवूडमध्ये आले. मूकपटांत त्यांना गर्दीतील किंवा दुय्यम भूमिका मिळत. सावळ्या वर्णामुळे अरब, हिंदी वा अन्य परकीय पात्रे त्यांच्या वाट्याला वारंवार येत. काम नसे तेव्हा त्यांनी मालमोटार चालवून व ओझी वाहून पोट भरले. या अंगमेहनतीमुळे जडलेल्या पाठीच्या दुखण्याने त्यांना जन्मभर त्रास दिला. 'द क्रिमिनल कोड' (१९३१) मधील कैद्याच्या भूमिकेने त्यांच्याकडे प्रथम लक्ष वेधले गेले. तोपर्यंत सुमारे ८० चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले होते.

फ्रँकेन्स्टाईन

युनिव्हर्सल कंपनीने राक्षसाच्या भूमिकेसाठी आरंभी 'ड्रॅक्युला'चे नायक बेला लुगोसी यांचा विचार केला होता. पुढे दिग्दर्शनाची सूत्रे जेम्स व्हेल यांच्याकडे आली आणि त्यांनी कारलॉफ यांची निवड केली. रंगभूषाकार जॅक पियर्स यांनी सपाट कपाळ, मानेवरील विद्युत्‌ अग्रे व जड तळाचे बूट यांतून राक्षसाचे रूप घडविले. ही रंगभूषा चढविण्यास रोज सुमारे चार तास लागत. डोळे जडावलेले दिसावेत म्हणून पापण्यांवर मेण लावले जाई. गाल खोल गेलेला दिसावा यासाठी कारलॉफ आपल्या कृत्रिम दातांचा एक भाग काढून ठेवत. जाड पोशाख आणि प्रखर दिव्यांची उष्णता सोसत त्यांना दीर्घ काळ काम करावे लागे.

या पात्राच्या तोंडी एकही शब्द नाही. छतातून आलेल्या उजेडाकडे हात पसरणारा, आगीला भिणारा आणि आपल्याच निर्मात्याने टाकलेला हा जीव कारलॉफ यांनी केवळ हालचालींतून व नजरेतून उभा केला. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्याच्याशी न घाबरता खेळते, पाण्यावर फुले सोडते. फुले संपल्यावर तीही तरंगेल अशा समजुतीने राक्षस तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडते. या प्रसंगात क्रौर्य दिसू नये, असा कारलॉफ यांचा आग्रह होता. अभ्यवेक्षणात या दृश्याचा शेवट कापण्यात आला. त्यामुळे राक्षसाने मुलीवर जाणूनबुजून अत्याचार केला असावा, असा मूळ आशयाच्या नेमका उलट समज निर्माण झाला. कापलेला भाग १९८० च्या दशकात चित्रपटात पुन्हा समाविष्ट करण्यात आला.

आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे केवळ प्रश्नचिन्ह होते. नटाचे नाव चित्रपटाच्या शेवटी झळकले. नोव्हेंबर १९३१ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात ४४ वर्षे पूर्ण करणारे कारलॉफ प्रदीर्घ उमेदवारीनंतर नामांकित झाले.

१९३३ मध्ये 'द घूल' या चित्रपटासाठी ते २४ वर्षांनी इंग्लंडला परतले. आपल्या व्यवसायामुळे प्रतिष्ठित भावांना कमीपणा वाटत असावा, अशी धास्ती त्यांच्या मनात होती. प्रत्यक्षात त्यांच्याबरोबर छायाचित्र काढून घेण्यासाठी भावांमध्येच अहमहमिका लागली आणि त्यांची जुनी खंत मिटली.

नटांच्या संघटनेतील कार्य

चित्रीकरणाच्या वेळांना त्या काळी कोणतीही मर्यादा नव्हती. 'फ्रँकेन्स्टाईन'च्या वेळी हा जाच स्वतः अनुभवलेले कारलॉफ १९३३ मध्ये स्थापन झालेल्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड या नटांच्या संघटनेचे संस्थापक सदस्य झाले; त्यांचा सदस्य क्रमांक नऊ होता. चित्रपट कंपन्यांचा रोष पत्करण्याची तयारी ठेवून त्यांनी सहकाऱ्यांना संघटनेत आणण्याचे काम केले.

उत्तर कारकीर्द

'द ममी' (१९३२), 'द ब्लॅक कॅट' (१९३४) व 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' (१९३५) हे त्यांचे अन्य गाजलेले चित्रपट. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन'मध्ये राक्षस बोलू लागतो. त्याच्या मुकेपणातच त्याची व्यथा सामावलेली आहे, असे मानणाऱ्या कारलॉफ यांना हा बदल रुचला नव्हता. 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाईन' (१९३९) नंतर मात्र, त्या पात्रातील माणूसपण संपत चालल्याचे जाणवून, चित्रपट-मालिकेतील ही भूमिका त्यांनी सोडली. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या 'द बॉडी स्नॅचर' (१९४५) या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या कथेवरील चित्रपटात त्यांनी प्रेते चोरून पुरविणारा गाडीवान रंगविला. हा त्यांच्या सर्वोत्तम अभिनयाचा नमुना समजला जातो.

१९४१ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' या नाटकात आपला चेहरा कारलॉफसारखा दिसतो म्हणून चिडणाऱ्या गुन्हेगाराची भूमिका करून त्यांनी आपल्याच प्रतिमेची थट्टा केली. 'द लार्क' या नाटकातील भूमिकेसाठी १९५६ मध्ये त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. त्यांचा आवाज मुलांनाही प्रिय होता. 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस' (१९६६) या सचेतपटाचे निवेदन त्यांनी केले आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पुरस्कार लाभला.

पीटर बोग्दानोविच यांच्या 'टार्गेट्स' (१९६८) मध्ये त्यांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावरील भयपट-नटाची भूमिका केली. बंदुकीने अनोळखी माणसे टिपणाऱ्या एका सामान्य तरुणापुढे आपले जुने भयपट निरुपद्रवी ठरल्याची जाणीव या नटाला होते. त्या वेळी कारलॉफ यांची फुफ्फुसे निकामी होत चालली होती, तरीही त्यांनी काम थांबविले नाही.

मृत्यू व स्मृती

वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पार्थिवावर गिल्डफर्ड येथे दहनसंस्कार करण्यात आले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल या नटांच्या चर्चमध्ये त्यांचा स्मृतिफलक आहे. १९९७ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने भयपटांतील पात्रांची तिकिटे काढली. त्यांत राक्षस व ममी या त्यांच्या दोन्ही भूमिकांचा समावेश होता. एकाच भूमिकेच्या चौकटीत अडकल्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. उलट, या राक्षसामुळेच आपल्याला पोटापाण्याची शाश्वती लाभली, अशी कृतज्ञतेची भावना त्यांनी अखेरपर्यंत बाळगली.