पक्षी उडून जातात म्हणून पाद्री वैतागला आणि बंदुकीचा इतिहासच बदलला

जुन्या घरात भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक तुम्ही कधी जवळून बघितली असेल, तर एक गोष्ट दिसली असेल. घोड्याच्या खाली बारीक भोक असलेली एक छोटी नळी असते. तिला म्हणतात निपल. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची, चाप ओढायचा, घोडा टोपीवर आपटला की बार उडाला.

आज अशा बंदुका साफ करायला घेतल्या की पहिली अडचण येते तीच निपलची. गंजून अशी बसलेली असते की काही केल्या निघत नाही. आता या गंजाचं मूळ शोधत मागं गेलं, की आपण पोहोचतो थेट स्कॉटलंडमधल्या एका चर्चमध्ये.

ॲबर्डीनशायरमध्ये बेलहेल्वी नावाचं गाव आहे. तिथल्या धर्मगुरूंचा मुलगा म्हणजे अलेक्झांडर जॉन फॉर्सिथ. वडील वारले आणि १७९१ साली चर्चची जबाबदारी त्याच्यावर आली. तेव्हा त्यानं पंचविशीही गाठली नव्हती.

रविवारी प्रवचन द्यायचं आणि सवड मिळाली की बंदूक घेऊन पाणपक्ष्यांच्या मागं जायचं, हा त्याचा शौक.

पण व्हायचं असं की नेम बरोबर असूनही पक्षी निसटायचे.

कारण तेव्हा बंदुका होत्या चकमकीच्या. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासायची, ठिणगी पडायची, बाहेरच्या पात्रातली रंजक भडकायची आणि मग ती आग कानातून आत जाऊन मुख्य दारू पेटायची. या सगळ्यात क्षणभर जायचा. तेवढ्यात पक्ष्याला बाहेरचा भडका दिसायचा आणि तो सटकायचा. त्यात पाऊस आला तर रंजक भिजून सगळाच कारभार थंड.

फॉर्सिथनं आधी भडका दिसू नये म्हणून त्यावर झाकण बसवून बघितलं. मग त्याच्या डोक्यात आलं, की ठिणगीच नको. ठोका बसताच फुटणारी रसायनं तेव्हा माहीत झाली होती. ती मुख्य दारूच्या जागी वापरायला गेलं तर नळीच फुटायची भीती. फॉर्सिथनं ती चिमूटभर घेतली आणि फक्त पेटवण्यापुरती वापरली. १८०५ पर्यंत त्याची यंत्रणा तयार झाली. अत्तराच्या कुपीसारखी दिसणारी छोटी डबी अर्धी फिरवली की नेमके तेवढेच कण जागेवर पडायचे आणि वर ठोका बसायचा. बाहेर भडका नाही, पावसाची चिंता नाही.

१८०६ साली तो हे घेऊन लंडनला गेला. तोफखान्याचे प्रमुख होते लॉर्ड मोइरा. त्यांना कल्पना आवडली आणि त्यांनी फॉर्सिथला टॉवर ऑफ लंडनमध्ये काम करायला जागा दिली.

हेच मोइरा पुढं लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणून भारतात गव्हर्नर जनरल झाले आणि त्यांच्याच काळात, १८१८ साली, पेशवाई संपली.

पण १८०७ मध्ये मोइरांचं पद गेलं, त्यांच्या जागी लॉर्ड चॅटम आले. त्यांना यात काही दम वाटला नाही. फॉर्सिथला आपला पसारा उचलून निघायला सांगण्यात आलं. नेपोलियननं या शोधासाठी २० हजार पौंड देऊ केले आणि फॉर्सिथनं ते नाकारले, अशीही एक गोष्ट सांगितली जाते.

त्यानं ११ एप्रिल १८०७ ला पेटंट घेतलं, लंडनमध्ये बंदुकांचं दुकान काढलं, नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचलं. पण स्वतः मात्र चर्च सोडलं नाही.

पुढं इतरांनी त्याच्याच तत्त्वावर तांब्याची टोपी आणि निपल आणली. मग १८३४ साली वुलिचला ब्रिटिश सैन्यानं चाचणी घेतली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून ६-६ हजार बार. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फुसकी निघाली, टोपीची फक्त ३६ वेळा. विषय तिथंच संपला आणि सैन्याच्या बंदुका बदलायला लागल्या. १८५७ च्या उठावात काडतुसांमुळं गाजलेली एनफिल्डसुद्धा टोपीचीच.

फॉर्सिथच्या पदरात काय पडलं? १८४२ साली सरकारकडून २०० पौंड. ११ जून १८४३ ला तो गेला. त्यानंतर आणखी १००० पौंड मंजूर झाले, ते नातेवाइकांना मिळाले. ५२ वर्षं त्यानं एकाच चर्चची सेवा केली. ज्या टॉवरमधून त्याला बाहेर काढलं होतं, तिथं नंतर त्याच्या नावाची पाटी लागली.

त्याची दुसरी आठवण म्हणजे तो गंज. फॉर्सिथच्या पेटंटमध्ये पोटॅशियम क्लोरेटचं मिश्रण होतं, पुढं टोप्यांमध्येही क्लोरेट वापरलं गेलं. ते जळालं की मागं एक क्षार उरतो. हा क्षार हवेतली ओल धरतो आणि निपलचे आटे गंजून एकजीव होतात. म्हणून तेव्हा बार उडवल्यावर बंदूक गरम पाण्यानं धुवायचे.

अडकलेली निपल काढायची रीत साधी आहे, पण धीर लागतो. गंज सोडवणारं तेल रोज थोडं सोडायचं, काही दिवस थांबायचं. निपलवर घट्ट बसेल असाच पाना घ्यायचा, आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. पकड लावून जोर केला तर कडा झिजतात किंवा निपल तुटते, मग ड्रिल मारण्याची वेळ येते.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम. टोपी बसलेली नाही ना ते बघायचं. मग लाकडी काठी नळीत शेवटपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठी निपलच्या बरीच अलीकडं थांबत असेल, तर आत जुना बार असू शकतो. मग आच नाही, ड्रिल नाही, ठोकाठोकी नाही. बंदूक थेट जाणकाराकडं. नुसती शंका आली तरी हेच.

कारण बंदुकीचा बार चुकू नये यासाठीच फॉर्सिथनं वर्षानुवर्षं डोकं लावलं होतं. आणि कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनीही पेटते.